दिल्ली दरवाजा काळाच का येतो?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन पुण्याला गेलो होतो. शनिवारवाड्याचे साठ-सत्तर फोटो काढले. दिल्ली दरवाजा प्रत्येक फोटोत काळाठिक्कर आणि वरचं आभाळ पांढरंफटक. आतले फोटो घरी दाखवले, तर नणंदबाई म्हणाल्या, "ही कुठली बाग?" दोष फोनचा की माझा?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : ताई, फोन बरा आहे आणि तुम्हीही. दोष असलाच तर थोडा थोरल्या बाजीरावांचा. दिल्ली दरवाजाचं तोंड नावाप्रमाणे उत्तरेला. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणजे दिवसभर वाड्याच्या पाठीशी. तुम्ही सावलीतल्या भिंतीचा फोटो उजळ आभाळासमोर काढत होतात. फोनने आभाळ सांभाळायला बघितलं, त्यात दरवाजा गेला आणि आभाळही हाती लागलं नाही.

मीही यातून गेलोय. १९८३ च्या नाताळात मामाचा याशिका कॅमेरा मागून आणला, छत्तीसचा रोल भरला आणि अर्धा रोल त्या दरवाजावर उडवला. रोल धुणाऱ्या गृहस्थांनी निगेटिव्ह उजेडाला धरली. दरवाजाच्या जागी नुसती काच! म्हणाले, "बाळ, माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवता येतं. वाड्याला कसा बसवणार? वैशाखात ये." छपाईचे पैसे तेवढे वाचले.

वैशाखात गेलो. मेच्या मध्यापासून सूर्य ईशान्येच्या अंगाला उगवतो आणि पहिले दोन तास उत्तरेच्या तटाला तिरपं, घासून जाणारं ऊन मिळतं. तेव्हा कळलं की तट खाली दगडी आणि वर विटांचा आहे. हे ठाऊक होतं, पण दिसलं त्या दिवशी. दरवाजा मात्र दोन बुरुजांच्या मध्ये, आत खोलात आहे. फळ्यांवर ऊन पडेल याची वाट बघू नका. उलट फळ्यांवरचे ते हातभर खिळे सावलीतच, अगदी जवळ जाऊन, आभाळ चौकटीत अजिबात न घेता काढा. समोरच्या पटांगणावरून उसळून येणारा मऊ उजेड त्यांना पुरतो.

दिवाळीतच जाणं होणार असेल, तर सूर्य मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटं पटांगणात थांबा. त्या वेळी आभाळ आणि भिंत यांच्या उजेडातलं अंतर कमी होतं. फोनच्या पडद्यावर दरवाजावर बोट दाबून धरा म्हणजे उजेडाचं माप तिथलं घेतलं जाईल. पटांगणात तिकीटही लागत नाही. बाजीरावांच्या पुतळ्याचा घोडा मधे येतो, त्याला येऊ द्या.

आता नणंदबाईंकडे वळू. त्यांचं चुकलं नाही. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग आठवडाभर धुमसत होती. जुन्नरच्या रानातलं सागवान होतं, ते गेलं. चिंचवडच्या खाणीतला दगड उरला. म्हणून आत आज जोती आहेत आणि जोत्यांच्या मधे हिरवळ. उभं राहून डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढला की जोती गवतात बुडतात आणि बाग होते. त्यासाठी वर चढायला हवं. पायऱ्या उंच आहेत, साडी असेल तर सांभाळून. दिल्ली दरवाजावरच्या नगारखान्याजवळ तटाच्या फांजीवर, म्हणजे तटावरून चालायच्या वाटेवर, उभ्या राहा, तोंड दक्षिणेकडे करा. हिवाळ्यात पाचच्या सुमाराला ऊन उजव्या हाताने येतं आणि प्रत्येक जोत्याची सावली शेजारच्या चौकात पडते. दालन, चौक, दालन, पुन्हा चौक, असा सगळा आराखडा जमिनीवर आखून दिल्यासारखा दिसतो. सवाई माधवरावांसाठी केलेलं हजारी कारंजंही वरूनच कमळ दिसतं. जवळून ते कोरडं टाकं वाटतं.

आणखी एक करून बघा. ब्रिटिश वकील, म्हणजे राजदूत, मॅलेट याच्यासाठी १७९० मध्ये इथे भरलेल्या दरबाराचं एक मोठं तैलचित्र आहे. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने ते १८०५ मध्ये पुरं केलं. त्याची प्रत फोनमध्ये ठेवा आणि फांजीवर मुलांना दाखवा. गालिचे, पगड्या, खांबांच्या रांगा बघून झाल्या की खालच्या जोत्यांकडे बोट करा. माझ्या पुतण्याने हे बघून पहिला प्रश्न विचारला, "मग छप्पर कुठंय?" त्याच प्रश्नावर मी त्याचा फोटो काढला. वाड्यातला माझा सगळ्यात बरा फोटो तो आहे.

लाकडाची आठवण हवी असेल तर नगारखान्यात घ्या. कोरीव खांब आणि महिरपी अजून तिथे आहेत.

प्रश्न : मला शनिवारवाड्याचा गूढ फोटो हवा आहे. "काका, मला वाचवा" ऐकू येईल असा. निळी छटा द्यावी की काळी-पांढरी?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : अमावास्येला रात्री भिंतीबाहेर उभं राहून काढलेले असे शेकडो फोटो मी पाहिले आहेत. सगळ्यांत रस्त्यावरचे दिवे येतात, एखादी रिक्षा येते. भूत कुणालाच आलेलं नाही.

नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला. त्यांचा देह दक्षिणेकडच्या जांभूळ दरवाजाने बाहेर नेला, असं सांगतात. म्हणून त्याला नारायण दरवाजा हे नाव पडलं. गंमत बघा, हा दरवाजा दक्षिणेला असल्यामुळे हिवाळ्यात वाड्यातला सगळ्यात लख्ख उजेड याच्याच वाट्याला येतो. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, कुठलीही छटा न देता काढ. खाली एका ओळीत नाव आणि तारीख लिही. तेवढ्याने अंगावर काटा आला नाही, तर मला पुन्हा पत्र लिही. निळी छटा कशी द्यायची ते तेव्हा सांगेन, पण नाक मुरडत.

प्रश्न : वाड्यात कॅमेऱ्याची तिपाई (ट्रायपॉड) नेता येते का? आणि ड्रोन?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तिपाईला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी काढावी लागते. परवानगी नसेल तर फांजीच्या कठड्यावर पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा. मी तांदळाची अर्ध्या किलोची पुरचुंडी नेतो. ड्रोन घरीच ठेवा.