सायप्रसमधले ग्रीक आणि तुर्की लोक राष्ट्रवाद बाजूला ठेवून शांततेने एकत्र राहू शकतील का?

तुम्ही प्रश्नाखाली एक ओळ जोडली आहे: ‘एवढं रक्त सांडल्यावर कायमची फाळणी केलेलीच बरी, दोन्हीकडचे लोक सुखाने तरी राहतील.’ त्या ओळीमुळे लिहायला बसलो. नाहीतर सायप्रसवर लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलोय.

2006 ते 2017 मी दक्षिण सायप्रसमधल्या लिमासोलमध्ये होतो. जहाजांच्या तांत्रिक देखरेखीची नोकरी. मकारिओस (बेटाचे पहिले राष्ट्राध्यक्ष), एनोसिस (ग्रीसमध्ये विलीन व्हायची चळवळ), तक्सिम (फाळणीची तुर्की मागणी), 15 जुलै 1974चं ग्रीसधार्जिणं बंड आणि पाचच दिवसांनी उतरलेलं तुर्की सैन्य, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. म्हणजे फाळणी करावी की नको असा प्रश्नच उरलेला नाही, ती होऊन पन्नास वर्षं झाली. बेटाच्या मधून 180 किलोमीटरचा पट्टा गेलाय, उत्तरेला तुर्की आणि दक्षिणेला ग्रीक, आणि संयुक्त राष्ट्रांचं सैन्य तिथे 1964पासून आहे. आपले जनरल थिमय्या त्याच सैन्याचे प्रमुख असताना 1965मध्ये तिथेच वारले. लार्नाकात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. फाळणीने सुखी झालेलं एक घर मात्र मी अगदी जवळून पाहिलंय, त्याबद्दल सांगतो.

लिमासोलच्या जुन्या तुर्की मोहल्ल्यात आमच्या इमारतीसमोर एक बैठं घर होतं. तिथे एक आजी राहायच्या. मूळच्या मॉर्फूच्या, संत्र्यांच्या गावच्या. मॉर्फू उत्तरेत गेलं आणि ऑगस्ट 1974मध्ये ही माणसं नेसत्या कपड्यांनिशी दक्षिणेत आली. उत्तरेत पळून गेलेल्या एका तुर्की कुटुंबाचं रिकामं घर सरकारने त्यांना राहायला दिलं. कागदोपत्री ते अजून त्या तुर्की माणसाचंच, गृहमंत्री त्याचे पालक. दाराच्या लोखंडी जाळीत जुन्या मालकाच्या नावाची दोन अक्षरं होती. आजींनी ती दर दोन वर्षांनी रंगवली, पण काढली नाहीत. घरातल्या सगळ्या तसबिरी टेबलावर टेकवून ठेवलेल्या. मी एकदा ड्रिल मशीन घेऊन गेलो, म्हटलं लावून देतो भिंतीला. तर म्हणाल्या, “नको रे, दुसऱ्याच्या भिंतीला भोक कशाला?” पस्तीस वर्षं राहत होत्या त्या घरात! (‘रे’ मी घुसवलेला नाही. ग्रीकमध्ये हाक मारताना आपल्यासारखाच ‘रे’ लावतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाजारात उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.)

23 एप्रिल 2003ला सीमा उघडली. लोकांनी रांगा लावल्या, आपापली घरं बघून आले. आजी गेल्या नाहीत, कारण मुलाची मनाई होती. पलीकडच्या चौकीवर ओळखपत्र दाखवायचं म्हणजे त्यांचं राज्य मान्य करायचं, असं त्याचं म्हणणं. तिकडे हजारो लोक असंच मानतात, हा एकटा नव्हे. मुलगा 1978चा. त्याने मॉर्फू पाहिलं ते फक्त शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्यावर. ‘विसरणार नाही’ असं छापलेल्या आणि खाली उत्तरेतल्या गावांची चित्रं असलेल्या वह्या तिथल्या पिढ्यांनी वापरल्या आहेत. माणूस चांगला होता, माझ्या मुलीला समुद्रात पोहायला त्यानेच शिकवलं. पण दर 20 जुलैला पहाटे साडेपाचला भोंगे वाजले की त्याचा चेहरा दगडासारखा व्हायचा. त्याच दिवशी उत्तरेत सण असतो.

मार्च 2009मध्ये मुलगा कामासाठी अथेन्सला गेला होता. आजी सकाळी माझ्या दारात उभ्या, हातात पर्स, पायात चर्चला जायचे बूट. “गाडी काढ. मला घर दाखवून आण.” मी काढली.

अस्त्रोमेरितिसच्या पुढे चौकी आहे. पलीकडच्या बाजूला गाडीचा वेगळा विमा घ्यावा लागतो आणि तेव्हा एक पांढरी चिठ्ठी भरावी लागायची. त्यावरच शिक्का मारायचे, पारपत्रावर नाही. (2015मध्ये ती चिठ्ठी बंद झाली.) चिठ्ठीवर ‘उत्तर सायप्रस तुर्की प्रजासत्ताक’ असं छापलेलं. 1983 साली जाहीर झालेलं आणि तुर्कस्तानखेरीज कुणीही न मानलेलं राज्य. आजींनी ती हातात घेतली, वाचली आणि पेन मला दिलं. त्यांचं नाव मी लिहिलं.

मॉर्फूत फुलांचा वास गाडीच्या काचा बंद असतानाही येत होता. आजींनी एकही वळण चुकू दिलं नाही. दार उघडलं एका सत्तरीच्या तुर्की म्हाताऱ्याने, आणि तो ग्रीकमध्ये बोलायला लागला. तेही पाफोसकडच्या गावरान ग्रीकमध्ये, जे मला अर्धवटच कळायचं. तो पाफोस जिल्ह्यातला. 1975मध्ये सगळं सोडून उत्तरेत आलेला. मॉर्फूत असे पुष्कळ आहेत. त्याने कॉफी ठेवली. मला वाटलं आता रडारड होणार.

आजी थेट मागच्या अंगणात गेल्या आणि त्या माणसाला झापायलाच लागल्या. विहिरीजवळचं संत्र्याचं झाड अर्धं वाळलेलं होतं. “सासऱ्यांनी लावलेलं झाड हे! छाटणी कोण करतं तुझ्याकडे, गाढव?” म्हातारा आधी गोरामोरा झाला, मग तोही चिडला. विहिरीचं पाणी खारट झालंय, तो म्हणाला, सगळ्या मॉर्फूचं झालंय. एवढा उपसा केला की समुद्र आत आला. तो काय करणार? त्याने पोहरा काढून आजींना पाणी चाखायला दिलं. आजींनी चाखलं, थुंकलं आणि गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “कात्री आण.”

पाऊण तास त्या दोघांनी ते झाड छाटलं. कात्री बोथट होती, फांद्या चिरफाळत होत्या, दोघं एकमेकांना शिव्या घालत होते. मी फांद्या गोळा करत होतो. मधेच त्याने विचारलं, लिमासोलहून पाफोस जवळ आहे, माझ्या गावी गेली आहेस का कधी, चौकातला तुतीचा वृक्ष आहे का अजून? आजी कधी गेल्या नव्हत्या. तासाभराच्या अंतरावर पस्तीस वर्षं राहून गेल्या नव्हत्या. त्यांनी तसं सांगितलं आणि मान खाली घातली.

कॉफीच्या वेळी निघालं ते असं: आजींचा धाकटा भाऊ 1974मध्ये किरेनियाच्या बाजूला लढायला गेला तो परत आला नाही. म्हाताऱ्याच्या वडिलांना 1964मध्ये बसमधून उतरवून नेलं, तेही परत आले नाहीत. बेपत्ता लोकांची एकच यादी आहे तिथे, 2002 नावांची. 1510 ग्रीक सायप्रियट, 492 तुर्की सायप्रियट. दोघांचा माणूस एकाच यादीत! आजींना 1963-64मध्ये तुर्की वस्त्यांवर झालेल्या हल्ल्यांबद्दल माहीतच नव्हतं. त्यांच्या लेखी गोष्ट 1974ला सुरू होत होती. म्हाताऱ्याच्या लेखी ती 1974ला संपत होती.

त्या बेटावर मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, आणि तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे जे काही उत्तर आहे तेही इथेच आहे. दोघांकडे स्वतःच्या जखमेची तारीख पाठ आहे, दुसऱ्याची नाही. मॉर्फूला जाऊन आल्यावर मी स्वतः वाचायला लागलो, तेव्हा मराथा नावाच्या एका तुर्की गावाबद्दल कळलं. नाव वाचून चरकलो. ऑगस्ट 1974मध्ये तिथे आणि शेजारच्या दोन गावांत 126 लोक मारले, बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. मारणारे ग्रीक राष्ट्रवादी बंदूकवाले. दक्षिणेतल्या माझ्या शिकल्यासवरल्या सहकाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असावं? मी विचारलं होतं. एकाला. आणि अस्सिया गावातून तुर्की सैन्याने नेलेल्या ग्रीकांबद्दल उत्तरेतल्या पोरांना विचारा, तिथेही तेच.

मुलगा अथेन्सहून परत आला आणि त्याला पर्समध्ये ती चिठ्ठी सापडली. तो माझ्या दारात आला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. “शत्रूच्या कागदावर माझ्या आईचं नाव तुझ्या अक्षरात आहे,” एवढं म्हणाला. मी समजावायला गेलो तर म्हणाला, “तू परका. तुझं काय गेलंय?”

माझं काय गेलंय? मी बेळगावचा आहे. आमच्या घरात 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचे, मामा सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेला. पाटी वाचण्याआधी ती कुठल्या लिपीत आहे हे बघायची सवय मला पाचव्या वर्षी लागली. वर्गातल्या कानडी मित्राला घरी आणलं म्हणून मामा माझ्याशी महिनाभर बोलला नव्हता. आपल्या भाषेवरचं प्रेम कधी दुसऱ्याच्या द्वेषात उतरतं ते मला बाहेरून शिकावं लागलेलं नाही. आमच्याकडे भिंत नाही, बेपत्तांची यादी नाही, दोन्हींची तुलना मी करत नाही. पण ‘तुला काय कळणार’ हे मला सांगू नये.

पुढचं सांगायला जड जातंय. 2013मध्ये आजींच्या भावाची हाडं सापडली. दोन्ही समाजांची मिळून एक समिती आहे, 1981मध्ये नेमलेली. 2006पासून ती पद्धतशीर उत्खनन करते. राजधानी निकोसियाच्या बंद पडलेल्या विमानतळावर तिची प्रयोगशाळा आहे. ग्रीक आणि तुर्की पोरं-पोरी एकाच टेबलाशी उभी राहून हाडं लावतात, मग नातेवाइकांच्या रक्ताशी जुळवतात. हजाराहून जास्त लोकांची ओळख अशी पटली आहे. आजी मुलाबरोबर तिथे जाऊन आल्या. मला म्हणाल्या, पाणी दिलं ती मुलगी तुर्की होती, आणि तिचाच हात थरथरत होता.

मॉर्फूच्या म्हाताऱ्याला बातमी कळली. त्याच्या नातीने मला फोन केला: आजोबांना अंत्यविधीला यायचं आहे, चालेल का? मी मूर्खासारखा मुलाला विचारायला गेलो. तो म्हणाला, “तो आला तर मी शवपेटीला खांदा देणार नाही.” मी नातीला नको म्हणून कळवलं. आजींना म्हाताऱ्याबद्दल काही बोललोच नाही. त्यांनी चर्चच्या दारात दोनदा विचारलं, “तो आला नाही?” मी सांगितलं, बरं नाही त्याला. 2016मध्ये आजी गेल्या, त्यांच्या लेखी म्हातारा आजारीच राहिला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. राष्ट्रवाद सोडा असं सांगून कुणी सोडत नसतं. दक्षिणेत ग्रीसचे झेंडे, उत्तरेत तुर्कस्तानचे. दक्षिणेतलं राष्ट्रगीतसुद्धा ग्रीसचंच. बेटाचा स्वतःचा झेंडा एका तुर्की सायप्रियट चित्रकाराने 1960मध्ये काढला. पांढऱ्यावर बेटाचा नकाशा आणि ऑलिव्हच्या दोन फांद्या. तो सरकारी कचेरीबाहेर फारसा दिसत नाही. पण 1978मध्ये, युद्धाला चार वर्षं झालेली असताना, निकोसियाच्या दोन अर्ध्या शहरांचे महापौर, लेल्लोस दिमित्रियादिस आणि मुस्तफा अकिंजी, सांडपाण्यासाठी एकत्र बसले. मलवाहिन्या सीमा ओळखत नाहीत. दोन्हीकडची घाण उत्तरेतल्या एकाच केंद्रात जायला लागली, आजही जाते. कुणी कुणाला मान्यता दिली नाही. गटारं, हाडं, पडकी चर्चं आणि मशिदी यांची मिळून डागडुजी, हेच तिथलं खरं सहजीवन. 2008मध्ये निकोसियातला लेद्रा रस्ता उघडल्यापासून लोक कॉफी प्यायला इकडून तिकडे जातात. एकत्रीकरणाच्या वाटाघाटी मात्र 2017मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रां-मोंतानात मोडल्या त्या मोडल्याच.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बेट एकत्र करण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या योजनेवर 2004मध्ये झालेल्या सार्वमतात तुर्की सायप्रियटांनी 65 टक्के ‘हो’ म्हटलं आणि ग्रीक सायप्रियटांनी 76 टक्के ‘नाही’, म्हणून सगळा दोष ग्रीकांचा असं मी म्हणत नाही. हजारो तुर्की सैनिक समोर उभे असताना आणि घरादाराचा हिशोब लागलेला नसताना ‘नाही’ म्हणणाऱ्याची भीती खोटी नव्हती. तुर्कस्तानातून आणून वसवलेल्या लोकांचं काय, हाही खरा प्रश्न आहे, त्यांची मुलं तिथेच जन्मली. ऑक्टोबर 2025मध्ये उत्तरेत एकत्रीकरणाच्या बाजूचे एर्हुरमान राष्ट्राध्यक्ष म्हणून मोठ्या फरकाने निवडून आले, पण अंकारा काय करू देईल ते वेगळं. आणि मी 2017नंतर तिकडे गेलेलो नाही.

तुम्ही तिकडे नोकरीला जाणार आहात असं तुमच्या दुसऱ्या एका प्रश्नात वाचलं. शेजारच्या कुणा म्हाताऱ्या माणसाने कधी म्हटलं की मला पलीकडे नेऊन आण, तर न्या. त्यांच्या मुलांना विचारत बसू नका. पलीकडून कुणाला यायचं असेल तर ज्याच्याकडे यायचंय त्यालाच सांगा, मधल्या कुणाला नाही. मी मधल्याला विचारलं. चौकीवर गाडीचा विमा रोख पैसे देऊन काढा, आणि मॉर्फूच्या बाजूला जाणार असाल तर एक चांगली धारेची कात्री बरोबर ठेवा.