वनप्लस १३ घ्यावा की १३आर? प्रोसेसर आणि बॅटरी बघता कुठला बरा?

बॅटरीचा प्रश्न कंपनीनेच निकालात काढलाय. दोन्हींत ६००० एमएएच. भांडण उरतं ते प्रोसेसरचं. १३ मध्ये ३ नॅनोमीटरचा स्नॅपड्रॅगन ८ एलिट आहे, १३आरमध्ये त्याच्या आधीच्या पिढीचा, ४ नॅनोमीटरचा ८ जेन ३. नॅनोमीटरचा आकडा लहान म्हणजे साधारणपणे तेवढ्याच कामाला वीज कमी. पण व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, यूपीआय एवढंच वापरणार असाल तर हा फरक जाणवायचा नाही. तिथे बॅटरी खातो तो स्क्रीनचा उजेड आणि कमकुवत नेटवर्क. घाटातून एसटीने जाताना नुसता खिशातला फोनही टॉवर शोधून शोधून गरम होतो, तिथे एलिट काय करणार!

तासन्‌तास गेम किंवा ४के व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर मात्र १३ घ्या. चार्जिंग १००च्या जागी ८० वॅटचं आहे, म्हणून १३आरला नावं ठेवू नका. वायरलेस चार्जिंग त्यात नाही, ते हवंच असेल तर विषय संपला.

जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही आले तेव्हा किमती ६९,९९९ आणि ४२,९९९ पासून सुरू होत्या. माझा पैसा असता तर १३आर घेऊन उरलेले सत्तावीस हजार बँकेत टाकले असते.