नागिणीची दोन टोकं

प्रश्न : मॅडम, माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना उजव्या बाजूला बरगड्यांवर नागीण झाली. पाठीच्या मधोमध सुरू होऊन ती छातीपर्यंत आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, तोंड आणि शेपूट एक झालं की माणूस जातो. आम्ही रोज सकाळी दोरीने मोजायचो. गेरू लावला, एकांकडून मंत्रही घालून घेतला. आता फोड सुकलेत, खपल्याही पडल्या. पण तिथे पदर नुसता टेकला तरी आगआग होते, रात्र रात्र झोप नाही. विष आत राहिलं असेल का? घरात आठ महिन्यांची नात आहे, तिला त्यांच्याजवळ देऊ का?
— वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, रोज सकाळी दोरीने मोजायचो, हे वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. माझ्या आजीच्या वेळी आमच्या घरातही असंच मोजलं होतं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि मोजणी चालू असताना माजघराच्या दाराआड उभी राहून रडत होते. पुढे एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात 31 वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये पाठीचा कणा उघडायची वेळ आली की मला ती दोरी आठवायची. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मज्जारज्जूतून नसांच्या 31 जोड्या निघतात. जोडीतली एक डावीकडे जाते, एक उजवीकडे. छातीच्या भागातली नस बरगडीच्या खालच्या कडेला बिलगून पाठीकडून पुढे येते आणि छातीच्या किंवा पोटाच्या मधल्या रेषेपाशी संपते. तिथून पलीकडचा मुलूख दुसऱ्या बाजूच्या नसेचा. दोन भावांच्या शेतांमध्ये बांध असावा तशी ही मधली रेषा. शेजारच्या नसा एकमेकींच्या हद्दीत थोड्याफार शिरतात, पण हा बांध सहसा ओलांडत नाहीत.

प्रत्येक नसेच्या मागच्या मुळावर, कण्याच्या अगदी लगत, एक बारीक फुगवटा असतो. त्याला चेतागंडिका म्हणतात. कातडीवरून येणारी प्रत्येक जाणीव, मग तो स्पर्श असो, चटका असो की टोचणं, ज्या पेशींमार्फत आत येते त्या पेशी या फुगवट्यात राहतात. छिन्नीने मणक्याच्या कमानी काढून मुलांना मी तो दाखवायचे तेव्हा मुलं विचारायची, ‘मॅडम, एवढासा?’ छातीच्या भागात तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून संपूर्ण जात नाही, या दाण्यांमध्ये झोपून राहतो. चाळीस, पन्नास, साठ वर्षंसुद्धा. वय झालं, अंगातली प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या दाण्यातला विषाणू जागा होतो आणि त्याच नसेच्या धाग्यांवरून कातडीपर्यंत येतो. जिथे जिथे ती नस पोचते तिथे फोड. सासूबाईंच्या अंगावर जी लांबलचक नागीण दिसली, तो त्या एका उजव्या नसेचा नकाशा होता. दुसरं टोक मधल्या रेषेपाशी थांबलं, कारण नसच तिथे थांबते. दोन टोकं जुळायला वाटच नव्हती, ताई.

वैद्यकाने तरी हा नकाशा असाच शिकून घेतला. लंडनचे डॉक्टर हेन्री हेड आणि त्यांचे सहकारी कॅम्बेल यांनी 1900 साली नागिणीच्या रुग्णांवरून कोणती नस कातडीच्या कोणत्या पट्ट्याला जाते हे मांडलं. स्तनाग्राच्या पातळीला छातीची चौथी नस, बेंबीच्या पातळीला दहावी. आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे पाठ करतो. याच हेड यांनी 1903 मध्ये स्वतःच्या हाताची नस कापून घेतली. जाणीव कशी परत येते ते त्यांचे मित्र रिव्हर्स केंब्रिजमध्ये चार वर्षं तपासत राहिले.

क्वचित नागीण एका पट्ट्यापलीकडे अंगभर पसरते. कॅन्सरचे उपचार चालू असणाऱ्यांत, एचआयव्ही असणाऱ्यांत, स्टेरॉइड घेणाऱ्यांत असं होऊ शकतं. ते गंभीर असतं आणि रुग्णालयातच जावं लागतं. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं, कारण तीच नस डोळ्यालाही जाते.

आता आगीचं. विष राहिलेलं नाही. विषाणूने त्या दाण्यातल्या पेशी आणि त्यांचे धागे जखमी केलेत, आणि मज्जारज्जूत ते धागे जिथे उतरतात तिथल्या पेशी चिडचिड्या झाल्यात. पदराचा स्पर्श आत जातो स्पर्श म्हणून, पण पुढे कळवला जातो वेदना म्हणून. सासूबाई वाढवून सांगत नाहीत, त्यांना खरंच भाजल्यासारखं होतं. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांनी यात फारसं भागत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशी नसांवरची वेगळी औषधं असतात. या वयात त्यांनी चक्कर येऊन पडायची भीती असते, म्हणून डॉक्टर अगदी कमी मात्रेने सुरू करतात. आठवड्याभरात गुण नाही म्हणून सोडू नका. अंगात जुना, मऊ, सैल सुती ब्लाउज. गेरू आता बंद, आणि पुन्हा कोणाला झाली तरी ओल्या फोडांवर काहीही थापू नका, जखम चिघळते. विषाणूवरच्या गोळ्या फोड आल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. मंत्र घालणाऱ्याला शोधण्यात नेमके तेच तास जातात, याचं मला फार वाईट वाटतं. पन्नाशीनंतर घेता येणारी लस आता आपल्याकडेही मिळते, घरातल्या बाकीच्या वडीलधाऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारा.

नातीला खुशाल मांडीवर द्या. फोडांत पाणी असेपर्यंत बाळाला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. खपल्या धरल्यावर ती भीती नाही.

प्रश्न : वय 41. यंत्रमागावर उभं राहून काम. चार आठवड्यांपासून डाव्या कुल्ल्यातून कळ निघते ती पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत. एमआरआय झाला. सांगितलं, चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप आहे. गॅप भरून यायला कॅल्शियम किती दिवस घ्यावं? गावातल्या एक पायाळू बाई लाथ मारून कंबर मोकळी करतात, जाऊ का?
— वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, हा ‘गॅप’ शब्द कोणी आणला माहीत नाही, पण त्याने लोकांना उलटंच समजतं. दोन मणक्यांच्या मध्ये मोकळी जागा असायलाच हवी. तिथे चकती असते. अशा 23 चकत्या आपल्या कण्यात आहेत. बाहेरून कांद्याच्या पाकळ्यांसारखी एकावर एक कडी, आत पाणीदार, चिवट गर. वय वाढतं तसं गरातलं पाणी कमी होतं, चकती बसते आणि फोटोत मणके जवळ आलेले दिसतात. म्हणजे तुमच्या कण्यात गॅप पडलेला नाही, होता तो कमी झालाय. चकतीत हाड नसतं, त्यामुळे कॅल्शियमने ती भरून येत नाही. (निरोगी चकतीही दिवसभराच्या भाराने पाणी सोडते आणि रात्री आडवं झाल्यावर परत शोषून घेते. सकाळी उठल्याउठल्या आणि रात्री निजताना दाराच्या चौकटीला उभं राहून खूण करा, साधारण एक सेंटिमीटरचा फरक दिसेल.)

तुमची कळ अंगठ्यापर्यंत जाते, यावरून बरंच कळतं. बाहेरच्या कड्या फाटून गर मागे सरकला की शेजारून उतरणारी नस दाबली जाते. चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या चकतीपाशी ती बहुतेक वेळा कमरेची पाचवी नस असते, आणि तिचा पट्टा पोटरीच्या बाहेरून, पावलाच्या वरून, अंगठ्यापर्यंत. अंगठा चोळून काही होणार नाही, त्याचा यात दोष नाही.

बहुतेकांची ही कळ सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय ओसरते. अंथरुणाला खिळून राहू नका, सोसेल तेवढं चाला. मागावर एक पाय आळीपाळीने विटेवर ठेवून उभं राहिलात तर कमरेला थोडा आराम मिळेल. पायाळू बाईंकडे मात्र जाऊ नका. साधी उसण चार दिवसांत आपली आपण जाते आणि श्रेय लाथेला मिळतं. तुमची उसण नाही. सरकलेल्या चकतीवर झटका बसला तर गर आणखी मागे येऊ शकतो.

हे पुढचं घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, पाऊल उचलेना, तर सकाळची वाट न बघता रात्रीच मोठ्या रुग्णालयात जायचं. त्या वेळी उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी सीझर झालं तेव्हा कमरेत इंजेक्शन दिलं होतं. तेव्हापासून कंबर दुखते. सुई मज्जारज्जूला लागली असेल का? आणि ऑपरेशनच्या वेळी दुखलं नाही, पण पोटात ओढल्यासारखं सगळं कळत होतं. भूल नीट चढली नव्हती का?
— वाचक भगिनी, मालवण

उत्तर : दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहा. कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा हाताला लागतील. त्या दोन कडा जोडणारी रेषा पाठीवर साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. सुई त्याच्या आसपास घालतात. मज्जारज्जू मात्र मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. बाईमाणसात त्याची लांबी सुमारे 43 सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. तान्ह्या बाळात तो तिसऱ्या मणक्यापर्यंत असतो. पुढे कणा भराभर वाढतो आणि रज्जू मागे राहतो. त्याच्या खाली फक्त नसांचा झुपका, घोड्याच्या शेपटासारखा, पाण्यात तरंगतो. सुई आली की त्या नसा बहुधा बाजूला सरतात. म्हणून ती जागा निवडलेली आहे.

भूल नीटच चढली होती. वेदना आणि गरम-थंड नेणारे धागे बारीक, ते औषधाने आधी गप्प होतात. दाब आणि ओढ नेणारे जाड, ते उशिरा आणि अर्धवट. या दोन जाणिवांच्या वाटाही वेगळ्या. वेदनेची वाट मज्जारज्जूत शिरताच पलीकडच्या बाजूला ओलांडते, स्पर्शाची त्याच बाजूने मेंदूच्या देठापर्यंत चढते आणि मग ओलांडते. जर्मनीत कील इथे ऑगस्ट बिअर यांनी 1898 मध्ये ही भूल स्वतःवर आणि आपल्या सहाय्यकावर करून बघितली तेव्हाही हेच दिसलं. नडगीवर हातोडी मारली तरी सहाय्यकाला दुखलं नाही, स्पर्श मात्र कळत होता.

बाळंतपणात सैल झालेले सांधे, ताणलेले पोटाचे स्नायू आणि वाकून पाजणं, कंबर दुखण्याची कारणं बहुतेक इथे सापडतात. नॉर्मल बाळंतपण झालेल्या बायकांचीही कंबर दुखते. फिजिओथेरपिस्टकडून पोटाचे आणि पाठीचे व्यायाम शिकून घ्या.

प्रश्न : वडील 63 वर्षांचे, पूर्ण शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. हल्ली चालता चालता त्यांची चप्पल निसटते आणि त्यांना कळतच नाही, अनवाणी पुढे जातात. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. वयामुळे असेल का?
— वाचक, वाई

उत्तर : वयावर घालू नका. उद्या सकाळी रक्तातलं बी-बारा तपासून घ्या.

पायाखाली जमीन आहे, चप्पल आहे, पाऊल कुठे पडलंय, या जाणिवा मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जातात. पायाच्या अंगठ्यापासून मेंदूच्या देठापर्यंत एकच अखंड पेशी, मीटरहून लांब. तिच्यावरचं वेष्टण टिकायला बी-बारा लागतं आणि ते वनस्पतींतून मिळत नाही, दुधातून थोडं मिळतं. मेटफॉर्मिनने ते आणखी कमी होतं. वेष्टण झिजलं की पाय मुके होतात आणि माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो. डोळे मिटले की तोल जातो तो त्यामुळेच. मधुमेहानेही पायाच्या नसा जातात, तेव्हा डॉक्टर दोन्ही बघतील, घोट्यावर कंपकाटा, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा काटा, ठेवून तपासतील.

माझे वडील माळकरी होते. एका वर्षी वारीहून ते एकाच चपलेने परतले. मी म्हटलं, गर्दीत गेली असेल. पुढच्या महिन्यात दुसरी गेली, तेव्हा त्यांनी चपलांना सुतळी बांधली, आणि मी ती सुतळी रोज बघत होते. त्याच दिवसांत मी वर्गात दीडशे मुलांना मज्जारज्जूचा हा मागचा भाग फळ्यावर रंगीत खडूंनी काढून शिकवत होते. सात महिन्यांनी ते मोरीत पडले तेव्हा कुठे तपासणी झाली. इंजेक्शनांनी तोल बराच सुधारला, पण तळव्यांची जाणीव पुरती परत आली नाही. नंतर ते घरातही खाली बघतच चालायचे.

आकडा 200 च्या खाली आला तर इंजेक्शन लगेच सुरू होईल. काठावर असला तरी ही लक्षणं डॉक्टरांना सांगा. नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत नसा झिजत राहतात. तोवर मोरीत हाताशी धरायला दांडा बसवून घ्या, रात्री वाटेत दिवा ठेवा, आणि चपलेला मागून पट्टा असू द्या. किती आकडा आला ते मला कळवा.