‘दादा, चहा गार होतोय’

तुम्ही लिहिलंय की पक्षाघाताला तीन महिने झाले, बाबांचे हातपाय बऱ्यापैकी चालतात, पण सकाळी खुर्चीत बसले की दुपारपर्यंत तिथेच. डॉक्टरांनी कागदावर ‘अब्युलिया’ लिहिलंय आणि काका म्हणतात, ‘इच्छाशक्ती कमी पडतेय, जरा ओरडा त्याला.’

ओरडू नका. माझ्या थोरल्या भावाला हेच झालं होतं आणि पहिले दोन महिने आम्ही ओरडण्यातच घालवले.

शब्द ग्रीक आहे. ‘बूले’ म्हणजे इच्छा, संकल्प. आधीचा ‘अ’ आपल्या ‘अशक्त’मधल्या ‘अ’चा सख्खा भाऊ. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८३ साली इच्छाशक्तीच्या विकारांवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यातही हा आहे. पण मराठीत ‘इच्छाशक्तीचा अभाव’ म्हटलं की घोटाळा होतो, कारण आपल्याला लगेच जिद्द आठवते. जिद्द कमी असलेल्याचं ‘कळतं पण वळत नाही’ असं असतं. पहाटे फिरायला जायचं ठरवतो, गजर बंद करून झोपतो आणि मग स्वतःवरच चरफडतो. त्याला ग्रीकांकडे निराळा शब्द आहे, अक्रासिया. अब्युलियात ठरवणंच होत नाही, मग चरफडणार कशावर? दादासमोरचा चहा साय धरेपर्यंत तसाच राहायचा. ‘घे’ म्हटलं की मुकाट्याने उचलून प्यायचा. हात चालत होता, मधला खटका पडत नव्हता.

खटका मेंदूतलाच. कपाळामागचा मेंदूचा आतला भाग आणि खोलवरचा कॉडेट नावाचा भाग यांना जोडणारी एक साखळी असते, डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर चालणारी. ती कुठेही तुटली की सुरुवात करणं अडतं. अगदी टोकाच्या अवस्थेत माणूस जागा असूनही बोलत-हलत नाही.

एक गंमत सांगते. मिलर फिशर या मेंदूविकारतज्ज्ञाने नोंदवलंय की समोर बसून विचारलं तर गप्प राहणारे असे काही रुग्ण फोनवर मात्र उत्तर देतात. मी शेजारच्या खोलीतून दादाला मोबाईल लावला. ‘हां, बोल’, लगेच! मला रडूच आलं. पुढे दर वेळी जमलं असं नाही.

नैराश्य आहे का, हे डॉक्टरांकडून नक्की तपासून घ्या. तिथे सहसा आत दुःख असतं, अपराधीपणा असतो. दादाला विचारलं तर ‘बरं आहे’ म्हणायचा, आणि ते खरंच असायचं. दोन्ही एकत्रही असू शकतं. थायरॉईड, चालू असलेल्या गोळ्या हेही विचारा. ब्रोमोक्रिप्टिन, अमँटाडिनसारखी औषधं काहींना लागू पडतात, सगळ्यांना नाही. दादाला थोडाच फरक पडला. ती मनाने सुरू करू नका, भास होऊ शकतात.

घरात ‘काय खाणार?’ विचारणं सोडा. ‘पोहे की उपमा?’ विचारा आणि मनात वीस-तीस अंक मोजा, उत्तर उशिरा येतं. ‘आंघोळ करा’ हे एक काम नाही, दहा कामं आहेत. ‘उठा’, मग ‘टॉवेल घ्या’, असं एकेक. पाणी मागणार नाहीत, घड्याळ लावून द्या. घास तोंडात धरून बसले तर ‘गिळा’ म्हणा आणि गिळल्याशिवाय दुसरा भरवू नका. जेवताना ठसका लागतो का, तेवढं इथे लिहा; लागत असेल तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या, बाकी सगळं नंतर.