जुनी टाटा २०७ पिकअप घेतोयस? आधी हे वाच

रंग बघून भुलू नकोस. खिशात एक लोहचुंबक ठेव, त्यावर पातळ फडकं गुंडाळ आणि हौद्याच्या कडेकडेने, दाराच्या खालच्या पट्टीवर फिरव. जिथे चुंबक सुटेल तिथे पत्रा नाही, नुसती लांबी (पुट्टी) आहे. मग गाडीखाली शीर. चेसिसवर हातोडीने टकटक कर: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतून गंज. कोकणातली गाडी असेल तर जरा जास्तच वेळ घाल.

चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळतोय का, ते पैसे देण्याआधीच.

घरी आणल्यावर पहिलं काम ब्रेकचं. इंजिनचं काम थांबू शकतं, ब्रेकचे जुने रबर थांबणार नाहीत. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होज, सगळं नवं टाक. वायरिंग सोडवण्याआधी फोटो काढ. मी काढले नव्हते, दोन महिने हॉर्न दाबला की वायपर फिरायचा.

मोठे टायर, दुसरं इंजिन वगैरे डोक्यात असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. मूळ रचनेत बदल करायला बंदी आहे, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. रंग बदललास तरी आरटीओत नोंद कर. पाटे (लीफ स्प्रिंग) मात्र खुशाल नवे बसव.