साडेसहा गुणांचे गणित

प्रश्न : माझा भाचा पहाटे उठून मोबाईलवर अमेरिकेतील बास्केटबॉलचे सामने पाहतो. तेथे एका संघाच्या नावापुढे ‘उणे ६.५’ असा आकडा असतो. तो संघ साडेसहा गुणांनी जिंकेल असे बुकींचे भाकीत आहे, असे भाचा सांगतो. पण अर्धा गुण कोणत्या खेळात मिळतो? आणि आपल्या क्रिकेटच्या सट्ट्यात असा आकडा का ऐकू येत नाही?
— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : भाच्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. हा आकडा भाकितापेक्षा भावाच्या जवळचा असतो. नंदगडच्या जत्रेत कबड्डीचा सामना आहे, एक संघ तगडा आणि दुसरा गावातल्या पोरांचा, असे समजा. कोण जिंकणार हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे पोरांवर पैसे लावायला कोणी पुढे येणार नाही. म्हणून तगड्या संघाच्या गुणांतून साडेसहा वजा करून सट्ट्याचा निकाल धरायचा. सामना ३४-२८ असा सुटला, तर ढोलताशे तगड्या संघापुढे वाजतील, पण त्याच्यावर पैसे लावणारा हरेल. शेवटच्या चढाईत एक बोनस गुण मिळून ३५-२८ झाले, तर तोच जिंकेल. अर्धा गुण ठेवतात तो एवढ्यासाठीच, की बरोबरी होऊन पैसे परत करण्याची वेळ येऊ नये. १९४० च्या दशकात शिकागोमध्ये चार्ल्स मॅकनील या गणिताच्या माजी शिक्षकाने ही रीत रूढ केली, असे मानले जाते.

बुकीची कमाई वेगळ्याच ठिकाणी असते. दोन्ही बाजूंना साधारणपणे ११० रुपये लावल्यास १०० रुपये नफा, असा दर असतो. दोघांनी समोरासमोर ११०० रुपये लावले, तर बुकीकडे २२०० जमतात, जिंकणाऱ्याला मुद्दलासह २१०० जातात आणि १०० रुपये बुकीच्या गल्ल्यात राहतात. त्यामुळे लावणाऱ्याला नुसते बरोबरीत सुटायचे म्हटले, तरी शंभरांतील ५२ हून अधिक अंदाज बरोबर यावे लागतात.

पहिला आकडा काढताना दोन्ही संघांच्या ताकदीचे गुणांकन, घरच्या मैदानाचा फायदा, दुखापती, प्रवास आणि विश्रांतीचे दिवस जमेस धरतात. सुरुवातीला थोड्याच रकमेचे सौदे घेतात आणि जाणकारांचा पैसा कोणत्या बाजूला पडतो ते पाहून आकडा सरकवतात. तो सरकवण्यातही धोका असतो. १९७९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, पिट्सबर्गला आरंभी उणे ३.५ दिले होते, पुढे ते उणे ४.५ पर्यंत गेले, आणि पिट्सबर्गने सामना जिंकला ३५-३१ असा, म्हणजे नेमक्या चार गुणांनी! आधी पिट्सबर्गवर लावणारे जिंकले, नंतर समोरच्या डॅलस संघावर लावणारेही जिंकले आणि बुकींना दोन्हीकडून पैसे मोजावे लागले. अमेरिकी फुटबॉलमध्ये एका गोलाचे ३ गुण, तर टचडाउन आणि त्यावरचा जादा गुण मिळून ७ होत असल्यामुळे ३ आणि ७ यांच्या आसपास तर बुकी आकड्याला फार जपून हात लावतात.

बुकी दोन्ही बाजूंचा पैसा समान करतो, असे सर्रास सांगितले जाते. ते मला पूर्णपणे पटत नाही. लोकांचा ओढा लाडक्या संघाकडे असतो हे ओळखून तो आकडा मुद्दाम थोडा चढा ठेवतो आणि एका बाजूचा धोका स्वतः पत्करतो, असे अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी २००४ मध्ये मांडले होते.

आता क्रिकेट. (कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ नुसार असा सट्टा गुन्हा आहे आणि हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडला गेल्याने सुटका होत नाही, हे भाच्याच्या कानावर घालावे.) क्रिकेटमधील विजय कधी धावांनी, तर कधी गड्यांनी मोजला जातो, शिवाय लक्ष्य गाठताच दुसरा डाव थांबतो, त्यामुळे दोन संघांतील फरक एकाच मापात बसत नाही. म्हणून तेथे हे काम ‘सेशन’ करते. सहा षटकांत ४८ धावा होतील की नाही, यावर सौदा होतो. दोन चेंडू निर्धाव गेले की ४८ चे ४६ होतात आणि एक षटकार बसला की आकडा पुन्हा वर चढतो.