१९११ पिस्तूल रोज कमरेला लावायचं असेल तर

आधी हॅमरचं, म्हणजे पिस्तुलाच्या मागच्या हातोडीसारख्या भागाचं बोलू. तुम्ही लिहिलंय की ग्रीन कार्ड आल्यावर ह्यूस्टनला पाच इंची नळीचं जुनं १९११ पिस्तूल घेतलंत, ते रोज बाळगायचंय, पण हॅमर मागे ताणलेला बघून धडकी भरते. मग चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या गोळीच्या घरात) गोळी ठेवून हॅमर हाताने खाली सोडला तर चालेल का? नाही चालणार. गावी वडिलांच्या .३२ रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर लांब ओढला की हॅमर आपोआप मागे जाऊन पडतो. इथे ट्रिगरचं काम एकच, ताणलेला हॅमर सोडणं. हॅमर खाली असला तर ऐनवेळी तो आधी अंगठ्याने ताणावा लागेल. त्याहून वाईट म्हणजे तो खाली आणणं. भरलेल्या चेंबरवर, ट्रिगर दाबून, घामट अंगठ्याने! अंगठा सटकला की गोळी सुटलीच.

त्यापेक्षा बरी पद्धत अशी: गोळी चेंबरमध्ये, हॅमर मागे ताणलेला, अंगठ्याची सेफ्टी (गोळी सुटू न देणारी खटकी) लावलेली, ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर, म्हणजे कमरेचं म्यान. अमेरिकी नेमबाजी-प्रशिक्षक जेफ कूपर यांनी हीच पद्धत 'कंडिशन वन' म्हणून रूढ केली. ती सेफ्टी घोडदळाच्या मागणीवरून बसवली होती, म्हणजे सोय पहिल्यापासूनची आहे. मुठीमागची ग्रिप सेफ्टी वेगळी, ती मूठ नीट धरल्याशिवाय गोळी सुटू देत नाही. भीती घालवायची तर काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबर दोनदा तपासा आणि रिकामं पिस्तूल हॅमर ताणून, सेफ्टी लावून काही आठवडे घरात कमरेला वागवा. हॅमर आपसूक पडत नाही हे दिसेल. पडला, तर थेट गनस्मिथकडे. सेफ्टी उतरवायची ती नळी लक्ष्याकडे वळल्यावर, आणि होल्स्टरमध्ये परत घालण्याआधी न चुकता लावायची. हे हातात बसेपर्यंत बाहेर नेऊ नका. बसतच नसेल तर सेफ्टीची खटपट नसलेलं दुसरं पिस्तूल घ्या, त्यात कमीपणा कसला?

रिकामं असतानाच ते १.१ किलोच्या आसपास भरतं. साध्या ऑफिसच्या पट्ट्यावर लोंबतं, दुपारपर्यंत पँट ओढून हैराण. जाड, ताठ गन बेल्ट घ्याच.

आता देखभाल. उघडताना नळीच्या टोकाचं बुशिंग (कडं) फिरवलंत की खालचा प्लग स्प्रिंगच्या जोराने उडतो. अंगठा दाबून धरा, नाहीतर कपाटाखाली शोधत बसाल. जोडताना स्लाइड स्टॉप (मागेपुढे सरकणारा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, अडवणारी खटकी) वाकडा सरकला की फ्रेमवर कमानीसारखा ओरखडा उठतो. जुन्या पिस्तुलांवर तो हमखास दिसतो, तुमच्यावरही असेल बघा. तेल रेल्सवर, म्हणजे स्लाइड सरकते त्या पट्ट्यांवर, नळीच्या वरच्या भागावर आणि टोकाला बुशिंग घासतं तिथे, थेंब-थेंब. फायरिंग पिनचं भोक कोरडं. ह्यूस्टनच्या दमटपणात निळसर पॉलिशच्या पोलादावर घाम टिकला की गंज धरतो, म्हणून रोज रात्री तेलाचं फडकं फिरवायचं, विशेषतः अंगाकडच्या बाजूने. गोळी चेंबरमध्ये हाताने टाकून स्लाइड सोडू नका, एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस बाहेर ओढणारा आकडा, बिघडतो. ती मॅगझिनमधूनच वर जाऊ द्या. रिकाम्या चेंबरवर स्लाइड आपटणंही टाळा.

जुनी १९११ गोल टोकाच्या लष्करी गोळीसाठी बनलेली. हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेली गोळी, तिला रुचतेच असं नाही. बाळगायच्याच गोळ्या, बाळगायच्याच मॅगझिनमधून रेंजवर निदान दोनशे झाडा. अडकली तर आधी मॅगझिन बदलून बघा, बहुतेकदा दोष तिथेच निघतो. स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग दोन-तीन हजार गोळ्यांनी बदला, स्वस्त असते.

टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला विनापरवाना बाळगता येतं. तरी परवाना काढाच. शाळेच्या हजार फुटांत पिस्तूल नेण्यावर जी केंद्रीय बंदी आहे, तिच्यातून राज्याचा परवाना असलेल्यांना सूट मिळते. शाळेवरून जाणारा रस्ता कुणाचा चुकतो? दारावर लाल ५१ टक्क्यांची पाटी (निम्म्याहून जास्त कमाई दारूतून होते याची खूण) असलेल्या बारमध्ये मात्र परवाना असूनही नाही.

आणि उन्हाळ्यात आईबाबा येणार म्हणालात. हौस म्हणून बाबांना रेंजवर नेऊन हातात देऊ नका. टूरिस्ट व्हिसावर आलेल्याला, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यालाही, शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद नसेल तर बंदूक हाताळणं हा केंद्रीय गुन्हा आहे, भाड्याची असली तरी.